हौशी भूकंपवेत्ते आणि त्यांची गणिते

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी न्यू मॅड्रिड नावाचे एक लहानसे गाव आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यात या प्रदेशाला एकामागून एक प्रचंड भूकंपांनी हादरविले होते. ३ डिसेंबर १९९० रोजी याच गावात वार्ताहरांची गर्दी लोटली. आसपासच्या कित्येक शाळांनी सुटी दिली होती. आयबेन ब्राउनिंग या गृहस्थांनी असे सांगितले होते की, त्या दिवशी किंवा दोन दिवस अलीकडे-पलीकडे तेथे मोठा भूकंप होण्याचा संभव निम्म्याने आहे. ब्राउनिंग यांचे उच्च शिक्षण प्राणिशास्त्रातले, व्यवसाय हवामानविषयक सल्ल्याचा. भूकंपशास्त्रात ते हौशीच म्हणावयाचे. त्या सुमारास पौर्णिमा होती आणि चंद्र पृथ्वीच्या विशेष जवळ आला होता. त्याच्या ओढीने भूकवचातील ताण मोकळा होईल, असा त्यांचा तर्क होता. पाच दिवस उलटून गेले. मोठा भूकंप झाला नाही.

हा तर्क अगदीच टाकाऊ होता असे मात्र नव्हे. भरती-ओहोटीच्या ताणाचा भूकंपाच्या वेळेवर अल्पसा परिणाम होत असावा, असे अलीकडच्या काही संशोधनांतून दिसून आले आहे. परंतु अल्पशा परिणामावरून विशिष्ट गावाचा विशिष्ट दिवस सांगणे ही निराळीच गोष्ट होय. मग लोकांनी एवढा विश्वास का ठेवला? कारण असे की, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे झालेला भूकंप ब्राउनिंग यांनी आधी वर्तविला होता, अशी बातमी पसरली होती. शास्त्रज्ञांच्या एका मंडळाने त्यांच्या व्याख्यानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यात कॅलिफोर्नियाचा निर्देश आढळला नाही. त्या तारखेच्या सुमारास जगात मोठे भूकंप होतील, एवढेच ते म्हणाले होते.

या विधानाची किंमत किती, हे कागद-पेन्सिलीनेही काढता येते. जगात ६ किंवा अधिक प्रतीचे भूकंप वर्षाकाठी सरासरीने सुमारे दीडशे होतात. म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन. हे भूकंप यदृच्छेने घडतात असे धरल्यास, कोणत्याही एका आठवड्यात निदान एक तरी असा भूकंप होण्याची संभाव्यता शेकडा ९४ च्या आसपास येते. ज्याला भूकंपशास्त्राचा गंधही नाही असा मनुष्य डोळे मिटून तारीख सांगेल, तरी तो बहुधा खरा ठरेल.

तथापि सर्वच भाकिते इतकी मोघम नसतात. कोणी प्रदेश सांगतो, कोणी प्रत सांगतो, कोणी दिवसांची मर्यादा घालून देतो. अशी शेदोनशे भाकिते जमली की पेन्सिल थकते आणि संगणकाची आज्ञावली लिहावी लागते. घरगुती संगणक आल्यापासून व जगातील भूकंपांच्या सूची सर्वांना फुकट मिळू लागल्यापासून हे काम हौशी माणसाच्याही आवाक्यात आले आहे. आज्ञावलीची घडण अवघड नसते. सूचीतील प्रत्येक भूकंपाची वेळ, अक्षांश, रेखांश, खोली व प्रत ती वाचते. भाकितात दिलेल्या ठिकाणापासून त्याचे अंतर पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठावरून मोजते. आणि तो भाकिताच्या चौकटीत बसतो की नाही ते नोंदविते.

चुका होतात त्या क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय सूचीत मात्र त्याची तारीख १० डिसेंबर आहे, कारण तेथील वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचीही तीच गत. सूचीत तो २९ तारखेला सापडतो. हा फरक आज्ञावलीत हिशेबी धरला नाही, तर खरे भाकीत खोटे ठरेल, किंवा खोटे खरे.

यापुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. समजा, तीस भाकितांपैकी बारा खरी ठरली. हे यश की योगायोग? येथे संगणक एक सोपी युक्ती वापरतो. भाकितांची ठिकाणे व प्रती तशाच ठेवून केवळ तारखा पत्त्यांप्रमाणे पिसावयाच्या आणि पुन्हा गुण मोजावयाचे; असे हजार वेळा करावयाचे. पिसलेल्या तारखांनाही त्यांतील तीनशे वेळा बारा किंवा अधिक गुण मिळाले, तर भाकीतकाराच्या तारखांत विशेष काही नव्हते. हजारांतून दोन-चार वेळाच मिळाले, तर मात्र त्याच्या म्हणण्याकडे लक्ष दिले पाहिजे.

या परीक्षेतही एक पळवाट राहते. मोठ्या भूकंपानंतर लहान धक्क्यांची रांग लागते व ती काळाबरोबर ठराविक रीतीने विरळ होत जाते, हे जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखविले होते. मोठा भूकंप झाला की 'येथे पुन्हा हादरा बसेल' असे म्हणणारा मनुष्य पिसलेल्या तारखांना सहज हरवितो. त्यात नवे ज्ञान काही नसते. म्हणून भाकीतकाराची तुलना एका बिनडोक आज्ञावलीशीही करतात. प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर काही दिवस त्याच जागी धोक्याची घंटा वाजवीत राहावयाचे, एवढेच तिचे काम. तिच्यापुढे टिकणारे भाकीतकार फार थोडे.

संगणक फसवितो तो निराळ्या वाटेने. जुन्या सूचीत नियम शोधणे हा हौशी अभ्यासकांचा आवडता उद्योग. सूर्य, चंद्र व सहा ग्रह घेतले तर त्यांच्या २८ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील पाच कोन तपासले तर १४० नियम झाले. विसात एक योगायोग क्षम्य मानण्याची संख्याशास्त्राची नेहमीची रीत आहे. तेव्हा आकाशाचा व भूकंपाचा काडीचाही संबंध नसला, तरी सुमारे सात नियम 'सिद्ध' झालेले दिसणारच! अभ्यासक ते सात प्रसिद्ध करतो आणि उरलेले १३३ विसरतो. यात लबाडी असतेच असे नाही, बहुधा नसतेच.

म्हणून कसोटी पुढे घडणाऱ्या भूकंपांवरच घ्यावी लागते, आणि ती तज्ज्ञांनाही चुकत नाही. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे १९९३ पूर्वी ६ प्रतीचा भूकंप होईल, असे अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये सांगितले होते. तो २८ सप्टेंबर २००४ रोजी झाला. २००७ पासून अनेक देशांचे शास्त्रज्ञ आपापली संभाव्यतेची गणिते आधीच संगणकात जमा करून ठेवतात. नंतर त्यांत बदल करता येत नाही. येणारे भूकंप त्यांची परीक्षा घेतात.

भाकीत चुकले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. मार्च २००९ च्या अखेरीस इटलीतील सुलमोना गावात ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या लोकांना सावध करीत फिरल्या. जुलियानी या तंत्रज्ञाने जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूच्या मापनावरून तेथे भूकंप होईल असे म्हटले होते. सुलमोनात काही झाले नाही. आठवड्याभरात, ६ एप्रिलच्या रात्री, तेथून सुमारे ५० किलोमीटरवरील लाकिला शहरात ६.३ प्रतीचा भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसे मेली. सुलमोनाच्या लोकांना हलविलेच असते, तर त्यांतील काहींना लाकिलातच आसरा शोधावा लागला असता.

हौशी अभ्यासकांनी भूकंपाच्या वाटेस जाऊच नये, असा याचा अर्थ कोणी करू नये. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनच्या विद्यापीठात असलेल्या ॲलन जोन्स यांनी 'आमासाइस' नावाची आज्ञावली लिहिली. तिच्या साहाय्याने शाळेतील साध्या भूकंपमापकाची रेषा संगणकाच्या पडद्यावर दिवसभर उमटत राहते, आणि हजारो किलोमीटर दूर झालेल्या भूकंपाच्या पहिल्या व दुसऱ्या लहरींमधील अंतर मोजून तो किती दूर झाला, हे विद्यार्थी स्वतः काढू शकतात.