ओझरचे विमान कशाने टिकेल?

नाशिककरांनी विमानाची वाट जितकी पाहिली, तितकी राज्यातील अन्य कोणत्या मोठ्या शहराने क्वचितच पाहिली असेल. विमान आले, समारंभ झाला, छायाचित्रे छापून आली आणि काही महिन्यांत ते विमान बंद पडले, हा अनुभव या शहराने एकदा नव्हे, अनेकदा घेतला. त्यामुळे ओझरच्या विमानतळावर नवी कंपनी येणार अशी बातमी आली की आनंदाबरोबर शंकाही व्यक्त होते. ही शंका रास्त आहे. मात्र विमाने का येतात आणि का जातात, याचे उत्तर नशिबात किंवा राजकीय वजनात शोधण्यापेक्षा कमी दरात सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबात शोधलेले बरे.

हा हिशेब समजून घेण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. त्र्यंबकेश्वरहून हरसूलला जाणाऱ्या रस्त्यावरची काळी-पिवळी जीप पाहावी. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरते म्हणूनच तिचे भाडे मजुराला परवडते. स्वस्त विमानसेवेचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही. फरक एवढाच, की विमानाला प्रवाशांसाठी थांबून राहता येत नाही. ठरलेल्या वेळेला ते निघालेच पाहिजे. म्हणून जीपवाला जे थांबून साधतो, ते विमान कंपनी तिकिटाचे दर खालीवर करून साधते. आधी आरक्षण करणाऱ्याला कमी दर आणि आयत्या वेळी येणाऱ्याला चढा दर, यामागचे कारण हेच.

स्वस्ताईचे गणित

स्वस्त तिकीट ही कंपनीने प्रवाशावर केलेली मेहेरबानी नव्हे. बहुतांशी एकाच प्रकारची विमाने ठेवायची, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण व सुटे भाग यांचा खर्च आटोक्यात राहतो. विमानात एकच वर्ग ठेवायचा, म्हणजे आसने वाढतात. खाणेपिणे व जादा सामान यांचे पैसे वेगळे घ्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे ठेवायचे. अर्ध्या तासाच्या आत प्रवासी उतरवून, नवे चढवून ते पुन्हा आकाशात गेले पाहिजे. उभे विमान भाडे मिळवत नाही, पण त्याचा भाडेपट्टा, विमा आणि कर्मचाऱ्यांचे पगार चालूच असतात.

अमेरिकेत साउथवेस्टने रुजवलेली ही पद्धत भारतात २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने आणली. पुढे २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर आणि २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या आल्या. त्यातील गोएअर, म्हणजे नंतरची गो फर्स्ट, मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. हा धंदा किती थोड्या नफ्यावर चालतो, याची त्यावरून कल्पना यावी. अशा धंद्यात एखाद्या शहरावर प्रेम म्हणून कोणी विमान पाठवत नाही.

ओझरची जमेची बाजू

या कसोटीवर ओझर कोठे बसते? जागेचा विचार केला तर अनेक लहान विमानतळांना हेवा वाटावा अशी स्थिती आहे. मिग विमानांच्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे उभा राहिला आणि त्याच्यासोबत सुमारे ३ हजार मीटर लांबीची धावपट्टी आली. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ या जातीचे विमान येथे सहज उतरू शकते. राज्य सरकारने सुमारे ८४ कोटी रुपये खर्चून बांधलेल्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०१४ मध्ये झाले. म्हणजे धावपट्टीही होती आणि इमारतही. तरी पुढची काही वर्षे ही देखणी वास्तू जवळजवळ रिकामीच राहिली.

दुसरी बाजूही आहे. हा विमानतळ मुळात कारखान्याचा आहे. येथे सुखोई तयार झाली, हवाई दलाचा दुरुस्ती तळ शेजारीच आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क १ए विमानांच्या निर्मितीची नवी साखळी येथे सुरू झाली. चाचणी उड्डाणे व संरक्षणविषयक गरजा यांना येथे प्राधान्य मिळणार, हे उघड आहे. ज्या कंपनीचे सारे गणित वेळेवर अवलंबून असते, तिच्या दृष्टीने धावपट्टी किती तास मोकळी आहे हा प्रश्न तिच्या लांबीइतकाच मोलाचा असतो. दुसऱ्या धावपट्टीची जी योजना आखण्यात आली आहे, तिचे महत्त्व त्यातच आहे.

मुंबईचा मोह

नाशिकच्या विमानसेवेचा इतिहास हा बऱ्याच अंशी मुंबईच्या मोहाचा इतिहास आहे. किंगफिशरची मुंबई-नाशिक सेवा प्रतिसादाअभावी नोव्हेंबर २००९ मध्ये थांबली. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी नव्या एअर डेक्कनने १९ आसनी विमानाने मुंबईची सेवा सुरू केली. तीही अनियमित राहून बंद पडली.

असे होणे स्वाभाविक होते. नाशिक ते मुंबई हे अंतर रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरही नाही. ओझरला जाणे, तपासणीसाठी तासभर आधी पोहोचणे, मुंबईच्या आकाशात उतरण्यासाठी घिरट्या घालणे आणि तेथून पुन्हा टॅक्सीने शहरात जाणे, एवढ्या वेळात पंचवटी एक्स्प्रेसचा प्रवासी दादरला उतरलेला असतो. शिवाय मुंबई विमानतळावर उड्डाणांच्या वेळा इतक्या दुर्मिळ, की १९ प्रवाशांच्या विमानाला सोयीची वेळ मिळणे जवळजवळ अशक्य. त्यातच ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता मुंबईच्या विमानाची मागणी करणे म्हणजे रस्त्याने आणि रेल्वेने जिंकलेली स्पर्धा विमानाला पुन्हा हरायला लावणे होय.

याउलट १५ जून २०१८ रोजी जेट एअरवेजने बोइंग विमानाने दिल्लीची सेवा सुरू केली, तेव्हा तिला प्रवासी मिळाले. ती सेवा नाशिकमुळे थांबली नाही. एप्रिल २०१९ मध्ये मूळ कंपनीच बंद पडली. यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. रेल्वेने एक रात्र किंवा त्याहून अधिक वेळ लागतो अशा ठिकाणी नाशिकचा प्रवासी विमानाचे तिकीट काढतो. दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद ही ती ठिकाणे. स्वस्त विमानसेवेलाही असेच लांबचे मार्ग हवे असतात, कारण उड्डाण व अवतरण यांचा ठरावीक खर्च अधिक अंतरावर विभागला जातो.

अनुदानाची तीन वर्षे

‘उडान’ योजनेत विमानातील साधारण निम्म्या आसनांचे दर बांधलेले असतात. योजना आली तेव्हा सुमारे एका तासाच्या उड्डाणासाठी ही मर्यादा अडीच हजार रुपये होती. त्यामुळे कंपनीला होणारा तोटा तीन वर्षांपर्यंत भरून दिला जातो. या रकमेचा ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून, म्हणजे मुख्यतः मोठ्या शहरांमधील उड्डाणांवरील आकारणीतून येतो आणि २० टक्के वाटा राज्याने उचलायचा असतो. विमान इंधनावरील राज्याचा करही अशा विमानतळांवर १ टक्क्यावर आणण्याची अट आहे. याचा अर्थ असा, की प्रवाशाला स्वस्त वाटणारे तिकीट प्रत्यक्षात स्वस्त नसते. उरलेली रक्कम दुसरा कोणीतरी भरत असतो.

तीन वर्षांनंतर काय होते, याचे उत्तर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. सवलतीची पूर्ण मुदत ११२ मार्गांनी गाठली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांतील केवळ ५४ मार्ग चालू होते. म्हणजे शंभर घोषणांमागे सात मार्ग टिकले. अलायन्स एअर, स्टार एअर, ट्रूजेट अशा कंपन्या ओझरला येऊन गेल्या. त्या नाशिकच्या नशिबाला कंटाळून गेल्या असे नव्हे. देशभर जे घडले तेच येथेही घडले.

या पार्श्वभूमीवर १५ मार्च २०२३ रोजी इंडिगोने नागपूर, अहमदाबाद व गोव्यासाठी सेवा सुरू केली, हा ओझरच्या वाटचालीतला खरा बदल होता. पुढे हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली या शहरांचीही त्यात भर पडली. सुरुवात एटीआर या लहान विमानांनी झाली. ७८ आसनांचे असे विमान रोज एक फेरी करू लागले, तर दोन्ही दिशांचे मिळून वर्षाला सुमारे ५७ हजार प्रवासी लागतात. १८० आसनांच्या एअरबसला तोच आकडा १ लाख ३१ हजारांवर जातो. २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाख लोकसंख्येच्या जिल्ह्याला हे अशक्य नाही. मात्र लोकसंख्या म्हणजे प्रवासी नव्हेत.

हरसूलचा हिशेब

विमानतळाची आखणी करणारे नकाशावर एक वर्तुळ काढतात आणि त्यातील माणसे मोजतात. ओझरभोवती शंभर किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलही त्यात येते. पण भात आणि नागलीची शेती आटोपल्यावर येथील आदिवासी कुटुंबे गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर उभी राहतात आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. विमानाच्या तिकिटाशी त्यांचा संबंध नाही. त्याच वर्तुळात शिर्डीचा विमानतळही आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या त्या विमानतळाला देशभरातील साईभक्तांचा हक्काचा प्रवासी आहे. पलीकडे डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला आहे. तेव्हा नकाशावरील वर्तुळातून हरसूल वजा करावे लागते, आणि शिर्डी व मुंबईकडे ओढला जाणारा प्रवासीही.

हरसूलच्या मजुराला विमानतळाशी काहीच देणेघेणे नाही, असा मात्र याचा अर्थ होत नाही. राज्याच्या तिजोरीतून जाणारा २० टक्के वाटा हा त्याच्याही पैशांचा आहे. गावात दिवसातून एसटीच्या किती फेऱ्या येतात, हा प्रश्न ज्याला रोज भेडसावतो, त्याला विमानाच्या रिकाम्या आसनासाठी सरकार पैसे का मोजते, असे विचारण्याचा अधिकार आहे. त्याचे समाधानकारक उत्तर एकच असू शकते. ते विमान अनुदान संपल्यावरही चालले पाहिजे. त्यातून त्र्यंबकेश्वरला येणारा यात्रेकरू, ओझरच्या मालवाहतूक केंद्रातून जाणारा शेतमाल आणि कारखानदारी यांची वाढ झाली पाहिजे. तसे झाले, तरच तो पैसा रोजगाराच्या रूपाने हरसूलपर्यंत पोहोचेल.

परदेशातील एक इशारा

जर्मनीतील हान विमानतळाची कहाणी ओझरने लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकी हवाई दलाचा हा जुना तळ फ्रँकफर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर. रायनएअर या स्वस्त कंपनीने तेथे बस्तान बसवले आणि २००७ च्या सुमारास वर्षाला ४० लाखांच्या आसपास प्रवासी तेथून जाऊ लागले. पुढे २०१७ मध्ये हीच कंपनी फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावरही उतरली. हानचे महत्त्व घटत गेले आणि २०२१ मध्ये विमानतळ चालवणारी संस्था दिवाळखोरीत गेली. मोठ्या शहराचा मुख्य विमानतळ महाग आणि गजबजलेला असतो, तोवरच बाजूच्या विमानतळाला भाव असतो. नवी मुंबईमुळे मुंबईची कोंडी सुटू लागली असताना ‘मुंबईचा पर्याय’ म्हणून ओझरची जाहिरात करणे म्हणूनच धोक्याचे आहे. ओझरने नाशिकचा विमानतळ म्हणूनच उभे राहिले पाहिजे.

एकाच कंपनीवर विसंबण्यातला धोका तर आपल्याच देशाने अनुभवला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचे नियोजन कोलमडल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ज्या शहरांत दुसरी कंपनी नाही, तेथील प्रवाशांपुढे पर्याय नव्हता.

सिंहस्थ आणि त्यानंतर

सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी व्हायचे ठरले आहे. त्या काळात विमाने भरून येतील, यात शंका नाही. परंतु बारा वर्षांनी येणाऱ्या गर्दीवर रोजची विमानसेवा उभी राहत नाही. सिंहस्थासाठी होणारी धावपट्टीची व टर्मिनलची कामे कायम राहतील. गर्दी राहणार नाही. म्हणून उद्योजकांच्या संघटनांनी व लोकप्रतिनिधींनी नव्या शहरांची यादी वाढवण्याऐवजी दोन-तीन गोष्टींचाच आग्रह धरावा. दिल्ली आणि बंगळुरूला सकाळी जाऊन रात्री परतता येईल अशा वेळा मिळाव्यात. दुसऱ्या कंपनीसाठी धावपट्टीचे पुरेसे तास राखून ठेवावेत. आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर येथून विमानाच्या वेळेनुसार ओझरला जाणारी बस असावी, कारण विमानाच्या स्वस्त तिकिटापेक्षा टॅक्सीचे भाडे अधिक झाले तर प्रवासी मुंबईचाच रस्ता धरतो.

उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक विमान भरलेले असते. विमानसेवेची खरी परीक्षा चौथ्या वर्षी, पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी असते. त्या दिवसाचे भारमान जिथे पुरेसे भरते, तिथेच स्वस्त विमान टिकते. ओझरने आपले यश घोषणांच्या संख्येने न मोजता या आकड्याने मोजायला सुरुवात केली, तर पुढच्या उद्घाटनाची बातमी नाशिककर शंका न घेता वाचू शकतील.