वृद्धांचे पडणे व घरगुती तोल-शिक्षण

चालताना, उठताना, वळताना किंवा नुसते उभे असताना शरीराचा तोल जाऊन माणूस अभावितपणे जमिनीवर वा खालच्या पातळीवर येणे, यास पडणे म्हणतात. ही घटना सर्व वयांत घडते. परंतु साठीनंतर हाडे विरळ व ठिसूळ झालेली असल्यामुळे आणि पडताना हात पुढे करण्याइतकी चपळाई उरलेली नसल्यामुळे तिचे परिणाम गंभीर होतात. तोल सावरण्याची शक्ती टिकविण्यासाठी व वाढविण्यासाठी घरीच, नेहमीच्या वापरातील वस्तूंच्या आधाराने आणि चढत्या क्रमाने जे व्यायाम करावयाचे असतात, त्यांस घरगुती तोल-शिक्षण असे म्हणता येईल. पडणे हा म्हातारपणाचा अटळ भोग होय, ही समजूत सर्वत्र आढळते. मात्र गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाने ती चुकीची ठरविली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सु. ६,८४,००० व्यक्ती पडल्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या भारतातील वार्धक्याच्या पाहणीत ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. तीत साठीपुढील साधारणतः दर आठ व्यक्तींमागे एक व्यक्ती मागील दोन वर्षांत पडली होती, असे दिसून आले. प्रत्यक्षातील प्रमाण याहून अधिक असावे; कारण हाड मोडले नाही, तर पडल्याचे वृद्ध माणूस सहसा कोणाला सांगत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोक ९.९ टक्के होते व हे प्रमाण वाढतच आहे.

तोल कसा राहतो : उभे राहणे ही दिसते तशी स्थिर अवस्था नव्हे. शरीर सतत किंचित झुकत असते व सतत सावरले जात असते. डोळ्यांकडून मिळणारी आजूबाजूची जाणीव, अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांलगतच्या पिशव्यांकडून मिळणारी डोक्याच्या हालचालीची जाणीव [⟶ कान] आणि तळपाय, घोटे व मानेचे सांधे यांच्याकडून येणारी स्पर्शाची व स्थितीची जाणीव, अशा तीन वाटांनी येणाऱ्या संदेशांची मेंदूत जुळणी होते व त्याबरहुकूम स्नायूंना आज्ञा जातात. झोक लहान असेल, तर घोट्यातून सावरता येतो. त्याहून मोठा असेल, तर कंबरेतून. आणि तोही पुरेसा नसेल, तर एक पाऊल चटकन टाकावे लागते. म्हातारपणी कमी पडते ते बहुधा हे पाऊलच. वयानुसार स्नायूंतील जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात. त्यामुळे ताकदीपेक्षाही वेग आधी जातो. तीनपैकी एक वाट क्षीण झाली तरी उरलेल्या दोन तिचे काम बऱ्याच अंशी करतात. मधुमेहाने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेने तळपाय बधिर झालेला माणूस दिवसा नीट चालतो व रात्री दिवा गेला की कोलमडतो, याचे कारण हेच.

याखेरीज उठताच रक्तदाब उतरणे, मोतीबिंदू, कंपवात, पूर्वी होऊन गेलेला पक्षाघात आणि औषधे ही पडण्याची प्रमुख कारणे होत. औषधांपैकी झोपेच्या व मन शांत करणाऱ्या गोळ्या विशेष घातक ठरतात. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा गोळ्या हळूहळू बंद केलेल्या वृद्धांत पडण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटला. पण त्यांतील बऱ्याच जणांनी चाचणी संपताच गोळ्या पुन्हा सुरू केल्या. या गोळ्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय एकाएकी थांबविणे मात्र धोक्याचे असते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केल्याने पडण्याचे प्रमाण सु. एकतृतीयांशाने उतरले (२००५). ड जीवनसत्त्वाची उणीव भरून काढणे इष्ट असले, तरी त्याची फार मोठी मात्रा वर्षातून एकदाच दिल्याने पडणे कमी न होता वाढले, असा अनुभव ऑस्ट्रेलियात आला (२०१०).

पडण्याची सर्वांत वाईट परिणती म्हणजे खुब्याजवळ मांडीचे हाड मोडणे. पाश्चात्त्य देशांतील अनुभवानुसार असे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी निदान पाचांतील एक जण वर्षभरात दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे हिंडता-फिरता येत नाही. हाड न मोडताही नुकसान होते. एकदा पडलेली व्यक्ती धास्तावते, बाहेर जाणे सोडते, घरातही भिंत धरून चालते. न वापरल्याने पायांतील बळ जाते व ती पुन्हा पडते. घरची माणसे मायेपोटी ‘तुम्ही उठू नका, आम्ही देतो’ म्हणू लागली, की हे चक्र अधिकच वेगाने फिरते.

घर व परिसर : वृद्ध व्यक्ती बहुतेक वेळा परिचित जागीच पडतात. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात असलेल्या घोटावडे गावाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सह्याद्रीच्या पूर्व उताराकडील हा भाताचा मुलूख. येथील शेतकरी कुटुंबातील स्त्रीपुरुष जन्मभर जे काम करतात, ते नकळत तोलाचे शिक्षणच असते : वीतभर रुंदीच्या बांधावरून पावलापुढे पाऊल टाकून चालणे, चिखलात वाकून भातलावणी करणे, डोक्यावर हंडा किंवा भारा घेऊन चढ चढणे, मांडी घालून बसणे व हात न टेकता उठणे. रुग्णालयांत तोलाची परीक्षा म्हणून सरळ रेषेवर टाचेला बोटे लावून चालावयास सांगतात. बांधावरील चाल तीच. शेतीतून अंग काढून घेतले, की हा सर्व सराव एकदम थांबतो आणि पाचसहा वर्षांत त्याची उणीव दिसू लागते. म्हणून ‘आयुष्यभर कष्ट केले, आता व्यायाम कशाला’ हा युक्तिवाद टिकत नाही. तोल साठवून ठेवता येत नाही.

याच सुमारास घरेही बदलली आहेत. हिंजवडीचा उद्योग-परिसर जवळ आल्यापासून या पट्ट्यात कौलारू घरांच्या जागी सिमेंटची पक्की घरे येऊ लागली. सारवलेली कोरडी जमीन पायाला धरून ठेवते. गुळगुळीत फरशी ओली झाल्यावर तसे करीत नाही. जुन्या घरात उंच उंबरठा, ओसरीची ओबडधोबड पायरी, काळोखे माजघर आणि परसातल्या न्हाणीचा शेवाळलेला दगड हे धोके होते. नव्या घरात उंबरठा गेला, पण मोरी व संडास यांच्या फरशा चकचकीत झाल्या, आणि जिन्याला कठडा बसवावयाचे पुष्कळदा राहूनच जाते. पावसाळ्यात अंगण निसरडे होते व रात्री वीज जाते. वयोमानानुसार लघवीला उठणे तर त्याच वेळी असते. तरुण माणसे कामाला गेल्यावर दुपारी वृद्ध घरात एकटे असतात, हीही नव्या राहणीतील एक अडचण.

घरातील धोके दूर करण्याचे उपाय खर्चाचे नाहीत. न्हाणीघरात व संडासात भिंतीत पक्का रोवलेला दांडा (पंचा टांगण्याची खुंटी किंवा नळ माणसाचा भार पेलत नाही), खरखरीत फरशी, अंथरूण ते संडास या वाटेवर रात्रभर मंद दिवा, उशाशी विजेरी, पायरीच्या कडेला पांढरा पट्टा, घोट्याला धरून राहणारी पादत्राणे व जमिनीवर न लोळणारा नऊवारीचा किंवा धोतराचा सोगा एवढ्याने बरेच साधते. दुपदरी चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी अंधुक दिसते. म्हणून जिना उतरताना मान खाली करून वरच्या भागातून पाहावे. पूर्वी पडलेल्या किंवा अन्य कारणाने अधिक धोका असलेल्या व्यक्तींच्या घरी अशा दुरुस्त्या केल्यास पडण्याचे प्रमाण सु. ३८ टक्क्यांनी घटते, असे २०२३ मधील एका व्यापक आढाव्यात दिसून आले.

शिक्षणक्रम : घरी करावयाच्या तोल-शिक्षणाची पद्धतशीर मांडणी १९९० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात झाली. पायांचे बळ वाढविणारे व तोलाचे मिळून १७ व्यायाम, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, जोडीला आठवड्यातून दोनदा चालणे आणि शिक्षकाच्या मोजक्या गृहभेटी, असे त्याचे स्वरूप आहे. ६५ ते ९७ वर्षे वयाच्या १,०१६ व्यक्तींवरील चार चाचण्यांत त्यामुळे पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाले व ऐंशी ओलांडलेल्यांना त्याचा अधिक लाभ झाला. २०१२ साली सिडनी येथील चाचणीत निराळा मार्ग अवलंबिण्यात आला : व्यायामाची वेगळी वेळ न ठेवता तो दिवसाच्या कामांतच गुंफला गेला. तेथेही घट ३१ टक्के होती. भारतीय घरांना हा दुसरा मार्ग अधिक मानवेल, असे वाटते. पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेची स्थापना (१९७५) करणारे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी भिंत, खुर्ची, दोर यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत रूढ केली. तीवर आधारलेल्या बारा आठवड्यांच्या वर्गाने वृद्धांचा तोल सुधारल्याचे सिडनीतील एका लहान चाचणीत (२०१३) आढळले.

प्रारंभी आपली पातळी पाहावी. स्वयंपाकाच्या कट्ट्याजवळ, हाताशी आधार व शेजारी माणूस ठेवून, अनुक्रमे पावले जुळवून, एक पाऊल अर्धे पुढे सरकवून, टाचेला बोटे लावून आणि शेवटी एका पायावर, असे दहा-दहा सेकंद उभे राहावे. तिसरी स्थिती दहा सेकंद न टिकणे ही धोक्याची सूचना समजतात. जी पायरी जेमतेम जमते तेथून सराव सुरू करावा व ती सोपी वाटू लागताच आधार कमी करावा : प्रथम दोन हात, मग एक, मग एक बोट. तोलाला थोडे आव्हान मिळाल्याखेरीज तो सुधारत नाही. म्हणून बसून हातपाय हलविण्याचा या कामी फारसा उपयोग नाही, आणि केवळ चालणेही पुरत नाही. दात घासताना टाचा उचलून उभे राहणे, ओसरीच्या कडेवर हात न टेकता दहा वेळा बसणे-उठणे, भिंतीलगत आडवे व उलटे चालणे, तुळशीला पावलापुढे पाऊल लावून प्रदक्षिणा घालणे (वळताना तोल अधिक जातो, म्हणून दिशाही बदलावी), चुलीपाशी वाकताना कंबरेऐवजी गुडघ्यातून वाकणे, हे सर्व व्यायामच होत. छातीत दुखणे, घेरी किंवा नव्याने आलेला अशक्तपणा असल्यास आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. वारंवार पडणाऱ्यांना व कंपवाताच्या रुग्णांना फिजिओथेरपीच्या जाणकाराकडूनच क्रम आखून घेणे योग्य. सर्व चाचण्यांचा एकत्रित विचार करता, आठवड्याला तीन तास वा अधिक आणि तोलाला खरोखर कस लावणारा सराव सर्वाधिक गुणकारी ठरला आहे. सराव सोडल्यास लाभ ओसरतो.

पडल्यावर उठणे : हे कौशल्य सहसा शिकविले जात नाही, वास्तविक तासन्‌तास जमिनीवर पडून राहिल्याने होणारी इजा पडण्याइतकीच वाईट असते. पडल्यावर घाई न करता प्रथम हातपाय हलवून पाहावेत. खुब्यात तीव्र वेदना असल्यास किंवा एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसल्यास उठू नये. अन्यथा कुशीवर वळावे, कोपरावर भार देऊन बसते व्हावे, गुडघे व तळहात टेकून रांगत जड पलंग किंवा पायरी गाठावी, तीवर दोन्ही हात ठेवून बळकट पायाचे पाऊल पुढे रोवावे व अंग उचलून वळून बसावे. घरचे कोणी जवळ असताना जाजमावर हा क्रम अधूनमधून करून पाहिला, तर ऐनवेळी तो आठवतो. उठता न आल्यास हाताशी येईल ते पांघरूण ओढून अंग उबदार ठेवावे, एकाच अंगावर पडून न राहता थोडेथोडे कूस बदलावी आणि काठी किंवा भांडे फरशीवर आपटून शेजाऱ्यांचे लक्ष वेधावे. ओरडण्याने दम लवकर जातो.