सायकल चालवता येते, पण शिकवली कुणी?

सकाळी दहाच्या सुमाराला परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या पाथरी रस्त्यावर थोडा वेळ उभं राहा. आसपासच्या खेड्यांतून शाळेला येणाऱ्या मुलींच्या सायकली दिसतील. दप्तर कॅरिअरला, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. मागून कापसाच्या गाडीचा हॉर्न वाजला की त्यांतल्या बऱ्याच जणी ब्रेक दाबत नाहीत. पाय खाली टाकतात आणि डांबर सोडून मुरमात उतरतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण सायकल चालवायला शिकवणारं माणूस सायकलीबरोबर येत नाही. त्यातूनच काही गैरसमज पक्के झाले आहेत.

गैरसमज : सायकलीत शिकायचं काय? तोल सांभाळता आला की झालं.

वस्तुस्थिती : तोल ही फक्त बाराखडी. खरी शिकवणी त्यानंतर सुरू होते.

ब्रेकचंच घ्या. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील’ हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. प्रत्यक्षात ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून सायकल थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. तो एकदम आवळला आणि अंग पुढे झुकलेलं असलं, तर माणूस पडतो. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, बसल्या जागी मागे सरकायचं, हात ताठ धरायचे. मैदानात दोन विटा ठेवून ‘यांच्या आत थांब’ असं दहा वेळा करून घेतलं की हाताला सवय लागते.

मागे वळून पाहणं हेही शिकावं लागतं. नवशिकी मुलगी उजवीकडे मान वळवते आणि तिच्याबरोबर सायकलही उजवीकडे, म्हणजे गाडीच्या वाटेत जाते. यावर सोपा सराव आहे. फक्कीची सरळ रेघ मारायची, मुलीने तिच्यावरून सायकल चालवायची, मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीने बोटं दाखवायची आणि हिने मागे बघून किती ते सांगायचं. चाक रेघेवरून हललं नाही, तर ती पास.

वळणाचंही तसंच. वेग वळणाआधी कमी करायचा, बाहेरच्या बाजूचं पायडल खाली ठेवून त्यावर भार द्यायचा आणि नजर खड्ड्यावर न ठेवता जिथे जायचं तिथे ठेवायची. जिथे नजर, तिथे चाक.

गैरसमज : लहानपणापासून तालीम नसेल तर आता काय उपयोग?

वस्तुस्थिती : अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर 2017 मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोकरी करत होती. तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये नवशिक्या स्त्रियांसाठी भरलेल्या सायकलिंगच्या प्राथमिक वर्गाला ती गेली. त्यानंतर सात वर्षांनी, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, 158 किलोमीटरच्या रोड रेसचं सुवर्णपदक तिने जिंकलं. पुण्याच्या प्रीती मस्के चाळिशीच्या आसपास सायकलकडे वळल्या. 2022 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, लेह ते मनाली हे सुमारे 430 किलोमीटरचं अंतर त्यांनी एकटीने 55 तास 13 मिनिटांत पार केलं.

गैरसमज : मुलीच्या शरीराला सायकल बरी नाही.

वस्तुस्थिती : सायकलमुळे गर्भाशयाला धोका होत नाही आणि पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. पाळीत बरं वाटत असेल तर सायकल खुशाल चालवावी. ‘कौमार्या’ची भीती तर मनातून काढूनच टाका. शरीर तपासून कौमार्य कळतं या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

गुडघे किंवा कंबर दुखते ती बहुधा सीटच्या चुकीच्या उंचीमुळे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. पान्याने दोन मिनिटांत होणारं हे काम न केल्यामुळे कितीतरी मुली सायकल सोडून देतात.

गैरसमज : हे पुण्या-मुंबईकडच्यांचं काम. आपल्याकडे ना घाट, ना ट्रॅक.

वस्तुस्थिती : आपल्याकडे सपाट रस्ता आणि समोरून येणारा वारा आहे. रोड सायकलिंगमध्ये वाऱ्याशी झुंजणं हाच मोठा धडा असतो. पुढच्या सायकलीच्या मागे नीट राहिलं तर ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा वाचतो. आळीपाळीने पुढे येणं, हाताने खड्डा दाखवणं हे पाचसहा मुली मिळून गावाबाहेरच्या कमी रहदारीच्या रस्त्यावर शिकू शकतात.

सायकलिंगमध्ये नाव काढणाऱ्या मुलीही मोठ्या शहरांतूनच आल्या असं नाही. पूजा दानोळे कोल्हापूर जिल्ह्यातली, ट्रॅकवर वेगासाठी ओळखली जाणारी मयूरी लुटे भंडारा जिल्ह्यातली.

वाटाही आहेत. शालेय सायकलिंग स्पर्धांची चौकशी परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करता येते. खेलो इंडियाच्या ‘अस्मिता’ लीग खास मुलींसाठी आहेत आणि त्यांत सायकलिंगही आहे. निवडक खेळाडूंसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये राष्ट्रीय सायकलिंग अकादमी आहे. शर्यत नको असेल तर अठरा वर्षांवरच्यांसाठी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायच्या राइड्स असतात : 200 किलोमीटर, साडेतेरा तास, बायका-पुरुषांना वेळ सारखीच.

गैरसमज : शिकून मिळणार काय?

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात पात्र खेळाडूंना शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. पण पदकापर्यंत न पोचणारी मुलगीही शिकवणारी होऊ शकते. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम चालतात. तालुक्याला एक स्त्री प्रशिक्षक मिळाली, तर पोरीला पहाटे सरावाला पाठवताना आईचा जीव खालीवर होणार नाही.

मानवतमधल्या क्रीडाशिक्षकांना आणि शिक्षिकांना माझी कळकळीची विनंती आहे. एका रविवारी सकाळी शाळेचं मैदान उघडा. फक्कीची एक पिशवी, चार विटा, हवा भरायचा पंप आणि पाना एवढं सामान पुरे. पहिल्या दिवशी फक्त ब्रेक शिकवा. सोमवारी पाथरी रस्त्यावर मागून हॉर्न वाजेल, तेव्हा त्या वर्गाला आलेली मुलगी मुरमात उतरणार नाही.