जुन्या रिव्हॉल्व्हरला नवी सेफ्टी बसवावी का?

माझ्या पीएचडीचा विषय ऐकायला कोरडा आहे: जुन्या यंत्रांवर मागाहून बसवलेली सुरक्षा साधनं. आजचं उदाहरण अमेरिकेतलं आहे, रिव्हॉल्व्हरचं. ते घेतलं कारण इथे कंपनी स्वतः हा बदल फुकट करून देते, आणि तरीही बरेच मालक "नको" म्हणतात. हे लोक मूर्ख नाहीत. त्यांची बाजू समजून घ्यायला आधी यंत्र बघावं लागेल.

1873 च्या कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये घोडा अंगठ्याने मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. घोडा पूर्ण खाली असला की त्याच्यावरची पिन समोरच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकलेली असते. म्हणून कोल्टने घोड्याला एक 'सेफ्टी' खाच दिली होती. घोडा किंचित मागे घ्यायचा की चापाचं बारीक टोक त्या खाचेत बसतं.

आता हिशोब करू. साधारण एक किलोचं रिव्हॉल्व्हर एक मीटरवरून पडलं तर जमिनीवर पोचताना त्यात सुमारे 10 ज्यूल ऊर्जा असते. प्राइमर पेटायला एक ज्यूलसुद्धा लागत नाही. नेमका घोडाच आधी आपटला, तर तो सगळा दणका त्या बारीक टोकावर येतो. टोक मोडलं की गोळी सुटली. यावर वापरणाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा होता: घरं सहा, काडतुसं पाचच, आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवलेला.

स्टर्म रूगर कंपनीने 1953 मध्ये सिंगल सिक्स आणि 1955 मध्ये ब्लॅकहॉक आणलं. स्प्रिंगा बदलल्या, फायरिंग पिन घोड्यावरून काढून सांगाड्यात बसवली, पण सुरक्षेची भिस्त खाचेवर आणि पाच काडतुसांवरच राहिली. 1973 मध्ये 'न्यू मॉडेल' आलं तेव्हा खरा फरक पडला. त्यात ट्रान्स्फर बार आहे, म्हणजे चापाला जोडलेली एक छोटी उभी पट्टी. घोड्याच्या तोंडाला अशी पायरी दिलेली असते की तो खाली आला तरी पिनला शिवत नाही. चाप दाबून ठेवलेला असेल तरच पट्टी वर येऊन मधली जागा भरते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. कल्पना जुनीच. आयव्हर जॉन्सन कंपनी असंच रिव्हॉल्व्हर त्याच्या कितीतरी वर्षं आधी विकत होती आणि जाहिरातीत सांगायची, 'घोड्यावर हातोडा मारून बघा!'

मला या पट्टीत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ती मोडली तर रिव्हॉल्व्हर उडतच नाही. याच्या उलट प्रकार म्हणजे घोड्याच्या वाटेत आडवा येणारा अडसर. तो अडकला किंवा निघाला तरी हत्यार नेहमीसारखं चालत राहतं, त्यामुळे सुरक्षा गेलीये हे कुणाला कळत नाही. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा अडसर होता, तरी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडून सुटलं आणि एक खलाशी गेला. त्यानंतर कंपनीने अडसराची रचना बदलली. स्प्रिंगवर विसंबणारा जुना अडसर जाऊन त्याची हालचाल थेट आतल्या यंत्रणेला जोडली गेली.

रूगरकडे परत येऊ. 1973 च्या आधीची जुनी मॉडेल्स लोकांच्या कपाटात होतीच. अपघात होत होते, दावे चालू होते. एक तर अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1982 पासून कंपनीने जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्स्फर बार विनामूल्य बसवून द्यायला सुरुवात केली. मात्र हत्यार कारखान्यात पाठवावं लागतं, आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत मिळतात.

मग नको का म्हणतात? पहिली तक्रार चापाची: बदलानंतर तो पूर्वीइतका हलका, स्वच्छ सुटत नाही असं नेमबाज सांगतात. दुसरी किमतीची. संग्राहकाला कारखान्यातून निघालं तसंच हत्यार हवं असतं. काही जण तर दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीसाठीसुद्धा कारखान्यात पाठवत नाहीत, कारण तिथे गेलं की पट्टी बसूनच येते. या दोन्ही तक्रारी मला पटतात.

तिसरं उत्तर मात्र मला अजिबात पटत नाही: "मी पाचच भरतो, मला काय गरज?" पाच भरायचा नियम त्या माणसाच्या डोक्यात आहे, लोखंडात नाही. रिव्हॉल्व्हर मुलाकडे जातं, पुतण्याकडे जातं, विकलं जातं. नियम सोबत जाईलच असं नाही. नव्या मालकाला दिसतात सहा घरं, आणि सहा घरं बघून माणूस सहा काडतुसं भरतो! आपल्याकडे कडबाकुट्टीचं जाळीचं झाकण काढून ठेवणारे हेच बोलतात, "आमचा हात सवयीचा आहे." सवय ज्याची त्याची असते, आणि उद्या मशीनवर दुसराच कुणीतरी बसतो.

म्हणून माझं मत असं. जे रिव्हॉल्व्हर भरलं जाणार आहे, कमरेला लावून रानात नेलं जाणार आहे, त्यात पट्टी बसवून घ्यावी. चाप थोडा जड झाला तर होऊ दे. जे कधीच भरलं जाणार नाही, नुसतं संग्रहात राहणार आहे, ते तसंच ठेवायला माझी हरकत नाही. किमतीचं नुकसानही वाटतं तेवढं पक्कं नाही, कारण मूळ भाग जपले तर पुढच्या संग्राहकाला ते हत्यारासोबत देता येतात. फक्त ते भाग परत बसवून कुणी ते भरू नये.

आणि जुनं रूगर विकत घेणाऱ्यांसाठी एक खूण. सांगाड्यावर बाजूला तीन स्क्रू दिसले तर मॉडेल जुनं, दोन पिना दिसल्या तर नवं. पण पट्टी बसवल्यानंतरही तीन स्क्रू तसेच राहतात, त्यामुळे नुसते स्क्रू मोजून बदल झालाय की नाही ते कळत नाही. सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघून घ्या, घोडा मागे ओढा आणि पुढच्या फटीत पट्टी आहे का ते पाहा. नसेल तर पाचच.