सही करणाऱ्यांच्या आधी घरी येणारी

बहारीनच्या कायद्यात दत्तक हा प्रकारच नाही. अनाथ किंवा टाकून दिलेले मूल घरी आणता येते, लहानाचे मोठे करता येते. पण त्याला सांभाळणाऱ्याचे नाव लागत नाही आणि वारसाहक्काने वाटाही मिळत नाही. काही द्यायचेच असेल तर मृत्युपत्राने, तेही मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत. या सांभाळाला ‘कफाला’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या 20 व्या कलमात त्याचा नावानिशी उल्लेख आहे.

मूल तान्हे असेल तर आणखी एक वाट निघते. सांभाळणाऱ्या बाईने किंवा तिच्या सख्ख्या बहिणीने त्याला अंगावर पाजले, की शरियतीनुसार दुधाचे नाते जुळते. मग मूल वयात आल्यावर घरातल्या घरात पडदा पाळावा लागत नाही. अशा बारीकसारीक गोष्टी माहीत असणे हे तिथल्या समाजकार्यकर्तीच्या कामाचाच भाग आहे. बटेल्को या दूरसंचार कंपनीच्या नावाने चालणाऱ्या बालगृहातले मूल कोणत्या घरात रुजेल, हे नुसत्या कागदावरून कळत नाही.

बहारीनमधल्या मराठी जोडप्याला भारतातले मूल दत्तक घ्यायचे असेल, तर गाठ वेगळ्या नियमांशी पडते. भारताने 2003 मध्ये मान्य केलेल्या, दत्तकविषयक हेग करारात बहारीन नाही. जिथे अधिकृत दत्तक संस्था नाही, तिथे अनिवासी भारतीयांनी भारतीय दूतावासाकडे जायचे, असे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजे ‘कारा’चे, नियम सांगतात. मग घराची पाहणी होते. पगार आणि तब्येतीची कागदपत्रे तपासली जातात, पण त्याहून अवघड प्रश्न पुढे असतात. आजीआजोबांना हे मान्य आहे का? मुलाला दत्तक असल्याचे कधी सांगणार? नोकरी गेली आणि व्हिसा संपला तर पुढे काय? मूल घरी आल्यावरही दोन वर्षांत सहा अहवाल द्यावे लागतात.

मूल नात्यातलेच असले तरी सूट नाही, आणि ती नसावीच. भाचीला बहारीनच्या राजधानीत, मनामाला न्यायचे म्हटले, तर इकडे भारतात जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस तिच्या घरी जाऊन कौटुंबिक अहवाल लिहितो. मूल पाच वर्षांचे किंवा मोठे असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. ‘घरातलीच गोष्ट’ म्हणून मुलाला न विचारता परस्पर ठरवून टाकण्याची आपली जुनी खोड इथे मोडते. बाल न्याय कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे जागेवर जाऊन लिहिलेल्या या अहवालाचे वजन वाढले आहे.

समाजकार्याचे हे काम शिकवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात जुन्या आहेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 ची, निर्मला निकेतन 1955 चे, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था 1963 ची. ‘एमएसडब्ल्यू’ ही समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना दत्तक संस्था, बालगृहे आणि जिल्हा कक्ष यांत काम मिळते. पण जिल्हा कक्षातली बहुतेक पदे कंत्राटी आहेत. आज ही भेट देणारी व्यक्ती पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असे नाही, आणि मुलाची फाइल मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. एका मुलाचे आईबाप कोण हे ठरवण्यात जिच्या शब्दाला एवढी किंमत आहे, तिची नोकरी सरकारने कायमची केलीच पाहिजे.