गोठ्यातली माया दवाखान्यापर्यंत पोहोचावी

पोळ्याच्या आदल्या सांजेला आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो, त्याला जेवणाचे आवतण देतो. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. त्यामुळे दुसरबीड परिसरातल्या शेतकऱ्याची जनावरावर माया नाही, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, ढोर आजारी पडल्यावर ही माया त्याच्या उपचाराला कामी येते काय?

पशुवैद्यकाचा रोगी बोलत नाही. कुठे दुखते, कधीपासून दुखते, काय खाल्ले, हे मालकानेच सांगायचे. अर्धे निदान त्यावर होते. पण दवाखान्यात ढोर घेऊन येतो तो बहुधा घरचा कर्ता माणूस, आणि गोठ्यातले चारा-पाणी, शेण, धार पाहते ती घरची बाई. मग “सुस्त आहे, खात नाही,” याच्यापुढे माहिती जात नाही. तेच तिला विचारले तर ती सांगेल, परवा सांजेपासून रवंथ बंद आहे, शेण घट्ट पडते, काल दूध तांब्याभर कमी निघाले. या माहितीवरून डॉक्टरला दुखण्याची दिशा सापडते. म्हणून निघण्यापूर्वी तिला विचारा. जमल्यास तिलाच सोबत न्या. डॉक्टर मंडळींनीही तिच्याशी बोलावे.

निरोगी गाय-बैल दिवसभरात साधारण सहा ते आठ तास रवंथ करतो. नाकपुडी ओलसर असते. अंगाचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास राहते. रवंथ थांबली, नाक कोरडे पडले, कान लोंबले किंवा जनावर इतरांपासून वेगळे उभे राहू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घाबरून काहीबाही घशात ओतू नका. जीभ ओढून, मान वर करून पाजलेले औषध फुप्फुसात उतरते आणि मूळ दुखणे राहते बाजूला. पोरांच्या जुन्या वहीत माजाची, भरवल्याची, लसीची आणि जंताच्या औषधाची तारीख लिहून ठेवली, तर तीही डॉक्टरला उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट ओळखीच्या हाताची. भेदरलेल्या ढोराचा श्वास आणि नाडी वाढते, त्यामुळे तपासणी फसू शकते. तपासताना रोज चारा घालणाऱ्याने म्होरकी धरून डोक्याशी उभे राहावे, मान खाजवावी, नेहमीच्या नावाने बोलावे. काठी, शेपूट पिरगाळणे, आरडाओरडा टाळावा. भ्यालेली गाय पान्हा चोरते हे आपल्या आयाबायांना ठाऊकच आहे. भीतीमुळे पान्हा सोडणारा अंतःस्राव अडतो, हे त्याचे कारण. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाने २००९ साली ५१६ दूध उत्पादकांची पाहणी प्रसिद्ध केली. गाईंना नावाने हाक मारणाऱ्या गोठ्यांत एका वेतामागे सरासरी २५८ लिटर दूध जास्त आढळले. नुसत्या नावाने दूध वाढत नाही. पण जो नाव ठेवतो, तो एकेका जनावराकडे लक्षही देतो.

मायेची खरी परीक्षा २०२२ साली लम्पीने घेतली. त्या ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात रोग दिसला आणि पुढे आपला बुलडाणा जिल्हाही त्यात होरपळला. अंगावर गाठी आलेली घरची गाय दूर एकटी बांधायला कोणाचा जीव होईल? पण माशा, डास, गोचीड हा रोग पसरवतात. वेगळे बांधणे म्हणजे टाकून देणे नव्हे. बाकीच्यांना वाचवायचे तर तेच करावे लागते. आधी निरोगी ढोरांचे चारा-पाणी करा, मग आजाऱ्याजवळ बसा. मऊ हिरवा चारा द्या, जखमा धुऊन औषध लावा, माशा हाकला आणि नंतर हात साबणाने धुवा. हा रोग माणसाला होत नाही. निरोगी जनावरांना साथ येण्याआधीच लस टोचून घ्या.

त्या वेळी मेलेल्या जनावरामागे शासनाने दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत दिली. पण ज्याच्या दावणीची जागा रिकामी झाली, त्याचा हिशेब एवढ्याने मिटत नाही. गावकामगार मंडळींनी पंचनाम्याचा कागद काढण्याआधी दोन शब्द विचारपूस करावी. डॉक्टरांनीही आशा नसेल तर ते घरच्यांना स्पष्ट, पण सावकाश सांगावे. खोल खड्डा आणि चुन्याची सोय ग्रामपंचायतीने करावी. मेलेले ढोर नाल्यात पडणे रोगालाही आवतण आणि मालकाच्या जिवालाही घोर.

पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.