सावलीचे अर्थशास्त्र

खारघरच्या मोकळ्या मैदानावर 16 एप्रिल 2023 रोजी झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभात उष्माघाताने 14 जणांचा बळी घेतला. त्या दिवशी पारा 38 अंशांच्या आसपास होता. विदर्भातील माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. मैदानी प्रदेशात 40 अंशांची मर्यादा गाठली जाऊन तापमान सरासरीहून साडेचार अंशांनी चढले, की हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. भट्टीपुढे उभ्या असलेल्या किंवा पत्र्याच्या शेडमध्ये राबणाऱ्या कामगाराची लाट मात्र अशा घोषणेची वाट पाहत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे उद्योगांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. 1948 च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची, तर दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे विश्रांतिगृहाची सक्ती केली होती. परंतु कायद्याचा हा हात कारखान्याच्या फाटकापाशीच थांबला. फाटकाबाहेर मालमोटारींचे चालक, हमाल, पथारीवाले आणि मजूर अड्ड्यावर कामाची वाट पाहणारे स्त्री-पुरुष उरले. त्यांच्या वाट्याला आले ते ऊन.

यावर उपाय नाही असे नाही. मे 2010 मधील लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने 2013 साली उष्णता कृती आराखडा आखला. आगाऊ इशारे, रुग्णालयांची पूर्वतयारी आणि पाण्याची सोय ही त्याची मुख्य अंगे होत. परदेशातील अनेक शहरे उन्हाळ्यात सार्वजनिक थंड निवारे उघडतात. आपल्याकडे पाणपोईची परंपरा जुनी आहे. तिला चार भिंती, छप्पर आणि बसायला जागा दिली, की निवाराच तयार होतो.

यासाठी नव्या इमारतींची गरज नाही. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा ऐन उन्हाळी सुट्टीत रिकाम्या असतात. भांडवली खर्च आधीच झालेला आहे. प्रश्न उरतो तो पाणी, वीज आणि एक-दोन सेवकांच्या पगाराचा. पुणे परिसरातील उन्हाळा बव्हंशी कोरडा असल्याने ओल्या वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलरही येथे उपयोगी पडतात. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात फिरवला तरी छप्पर कमी तापते.

तथापि खरा पेच निराळाच आहे. निवाऱ्यात घालवलेल्या तासाची किंमत कोणी मोजावयाची? ज्याची मजुरी नगावर किंवा खेपेवर ठरते, त्याच्या दृष्टीने सावली फुकट नसते. दोन तास विसावा म्हणजे दोन तासांची कमाई बुडणे. उष्णतेमुळे 2030 साली भारतातील कामाचे 5.8 टक्के तास वाया जातील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 साली वर्तविला. हा तोटा आज बहुतांशी मजुराच्या खिशातून आणि प्रकृतीतून वसूल होतो. दुपारच्या सक्तीच्या विश्रांतीचे वेतन ठेकेदाराच्या करारातच धरले गेले पाहिजे. त्यावाचून निवारे उघडे राहतील आणि रिकामेही राहतील.

आणखी एक वर्ग सहसा नजरेआड राहतो, तो म्हणजे रात्रपाळीचा कामगार. सकाळी तो खोलीवर परततो तेव्हा डोक्यावरचा पत्रा तापू लागलेला असतो. त्याची झोप भर दुपारी होते, नव्हे, होतच नाही. आणि अपुऱ्या झोपेचा माणूस रात्री पुन्हा यंत्रापुढे उभा राहतो. त्याच्यासाठी निवारा म्हणजे केवळ बाकडे नव्हे, तर दिवसा निजण्याची थंड, शांत जागा. ही जबाबदारी महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायती आणि औद्योगिक महामंडळ यांच्या हद्दींत विभागली गेल्याने कोणाचीच राहू नये, एवढी दक्षता शासनाने घ्यावयास हवी.

दरम्यान प्रत्येक सुपरवायझरला, शिक्षकाला आणि कारकुनाला काही गोष्टी ठाऊक असावयास हव्यात. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर त्याला सावलीत नेऊन अंग भिजवावे, वारा घालावा, काखेत व मानेवर बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. नवा माणूस उन्हाच्या कामाला लावताना पहिले काही दिवस त्याचे तास बेताचे ठेवावेत. शरीराला सराव होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात.

नाशवंत मालासाठी शीतगृहे हवीत, हे आपल्या नियोजनाने केव्हाच मान्य केले आहे. तो माल पिकविणाऱ्या, भरणाऱ्या आणि वाहणाऱ्या माणसाचे शरीरही नाशवंतच आहे, एवढे मान्य होणे बाकी आहे.